बसऱ्याहून आलेला देव

वेंकोबा, सापडलं.

आधी हेच सांगतो, कारण पुढचं ऐकून घ्यायला तुला कधी धीर नसायचा. आपल्या शिपायाचं चांदीचं मेडल सापडलं. वितळलं नव्हतं. कुणाच्या पैंजणात गेलं नव्हतं, सोनाराच्या मुशीतही गेलं नव्हतं. शाबूत आहे, मी या हातात धरलं. तू हरलास.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या म्हणून लोक घरी आले होते. जन्म कुठला, नोकरी कुठं, स्वभाव कसा मनमिळाऊ, असं लिहायचं असतं म्हणे. मी म्हटलं, तो मनमिळाऊ नव्हता, आणि बाकीचं त्याच्या मुलानं पेपरात दिलंय. मी लिहीन ते त्यालाच लिहीन. तिसरीतून शाळा सोडलेल्या शिंप्याचं मराठी आहे, त्यात कानडी स्वल्प सांडणारच. चालत असेल तर छापा. ते म्हणाले, सरी, म्हणजे चालेल.

आपली ओळख भांडणातून झाली, हे अंकाच्या लोकांना ठाऊक नाही. रविवारचा जुना बाजार, पितळेच्या भंगाराचा ढीग, आणि त्यात टोपीवरचा एक बिल्ला. त्यावर एकदम दोन हात पडले. तू सोडेनास, मी सोडेना. दुकानदार म्हणाला, अर्धा अर्धा कापून देऊ का. आपण दोघंही कानडीत भांडत होतो. मग तू तोंडातल्या तोंडात मराठीत एक शिवी दिलीस आणि मी ती मराठीतच परत केली. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "कुठल्या गल्लीतला रे तू?" बिल्ला तूच नेलास. मी मात्र तुला चहा पाजून तो दुसऱ्यांदा बघून घेतला.

पुढं दर रविवारी तेच. मी ढिगात हात घालायचा, तू चष्मा पुसून मेडलाच्या कडेवरचं इंग्रजी वाचायचं. लोकांना वाटायचं या दोन म्हाताऱ्यांना लढाईचं वेड आहे. लढाईचं कुणाला वेड असतं? माझ्या दुकानात म्हातारे फौजी यायचे, परेडच्या आधी कोटावर रंगीत फिती शिवून घ्यायला. कोट अंगावर घालून आरशापुढं उभे राहिले की ते छातीकडे बघायचे नाहीत, दुसरीकडेच कुठंतरी बघायचे. ती नजर कुठं जाते ते मला हवं होतं. तुला नावं हवी होती. तू म्हणायचास, "राजे-लाटसाहेबांची नावं रस्त्यांना दिलीत. याचं नाव फक्त या कडेवर आहे, मालोजी. हे भंगारात गेलं की माणूस जन्मालाच आला नव्हता."

पॉलिशवरून आपण किती भांडलो. मला मेडल चकचकीत लागायचं आणि तुला मळकं. तू म्हणायचास, तो मळ नाही, ते वय आहे. मी म्हणायचो, माझ्या अंगावर पण वय आहे, म्हणून मी आंघोळ सोडली नाही. यावर तू विषय बदलायचास आणि मला पानवाल्याकडे न्यायचास.

आणि तो हवालदार. परेड मैदानाबाहेर एक म्हातारा उभा होता, छातीवर आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढाईचा तारा. त्या ताऱ्याच्या फितीत एका बाजूला गडद निळा पट्टा असतो, एका बाजूला फिका. त्यानं ती उलटी लावली होती. मलाही ते दिसलं होतं. तुला राहवलं नाही. "हवालदारसाहेब, आपली फीत उलटी आहे." त्यानं तुला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मी त्या वाळूत होतो. तू कुठं होतास?" जयनगरपर्यंत तू खिडकीबाहेर बघत बसलास. बसमधून उतरताना म्हणालास, "पण उलटीच होती." असला तू. म्हणून तुझ्यावाचून माझा रविवार जात नाही.

आता आपल्या शिपायाचं. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून नीट सांगतो, तू मध्ये बोलू नकोस.

पहिल्या मोठ्या लढाईतल्या शिपायाला दोन मेडलं मिळायची. एक चांदीचं, त्यावर घोडेस्वार. एक पिवळं, पितळेसारखं, त्यावर पंख पसरून उभी असलेली बाई. दोन्हींच्या कडेवर त्याच माणसाचा नंबर आणि नाव. तुला पिवळं मिळालं, एका मोडक्या समईच्या खाली. त्या दिवशी तू मला नंबर पाठ करायला लावलास, शाळेतल्या मास्तरासारखा. म्हणालास, "मी मेलो तर हे कुणाला तरी पाठ पाहिजे. एका माणसाची मेडलं वेगळी राहू नयेत. दुसरं शोधायचं." हा तुझा नियम. पेटीतल्या मखमलीत तू दोन गोल कापून घेतलेस. एकात पंखवाली बसली. दुसरा गोल रिकामा.

वर्षं गेली आणि तूच ढिला पडलास. चांदी आहे, म्हणालास, चांदी गरिबाच्या घरात टिकत नाही. पहिल्या दुष्काळात मुशीत गेली असेल. पितळ उरलं, कारण पितळ कुणाला नको होतं. तुझं बोलणं बरोबर होतं, पण मला ते पटायचं नाही. का पटत नाही विचारलंस तर माझ्याकडे कारण नव्हतं. मी म्हणायचो, नाही वितळलं, बस.

दवाखान्यातसुद्धा आपण त्यावरच बोललो. नाकात नळी, आवाज बारीक, आणि तू म्हणतोस, "मालोजी, ते वितळलं रे. आता मान्य कर." मी म्हटलं, नाही करणार. वहिनी माझ्यावर चिडल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एकदा हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" मी त्यांना काही बोललो नाही. तुला सांगतो. मी हो म्हटलं असतं तर डॉक्टरनं मला काय सांगितलंय ते तुला त्याच क्षणी कळलं असतं. जन्मात तुझ्यापुढं कधी मान डोलावली नाही, ती त्या दिवशी कशी डोलवायची? तू हसलास. मला वाटतं तुला बरं वाटलं. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरले नव्हते तेव्हा तू गेलास.

त्यानंतरच्या रविवारी मी बाजारात गेलो. भंगारवाल्यानं विचारलं, "निम्म अण्णा कुठं, तुमचे दोस्त?" मी सांगितलं. त्यानं ढीग माझ्यापुढं सारला. मी हात घातला नाही. वाचणार कोण? घरीही बसवेना, म्हणून कार्तिक सरता सरता होसकोट्याला गेलो. तिथं माझी पुतणी सुशीला जाधवांकडे दिली आहे. शेतीवाडी होती, आता मुलं कारखान्यात जातात. घरात सत्ता सुशीलाच्या आजेसासूची, सगळे तिला अक्का म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, आणि जीभ पंचविशीतली.

खंडोबाचं नवरात्र दुसऱ्या दिवशी बसायचं होतं. अक्का मागच्या दारी चिंच आणि राख घेऊन देवांचे टाक घासत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "अण्णा, रिकामे बसलात तर पुसून तरी द्या." मी पंचा घेऊन बसलो. भवानी पुसली, भैरोबा पुसला. मग त्यांनी माझ्या हातावर खंडोबा ठेवला.

वेंकोबा, टाक म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. पातळ पत्रा, ठोकून काढलेला, मागून पोकळ. हा भरीव होता. माझ्या बोटांना आधी कळलं, डोकं मागून पोचलं.

मी म्हटलं, "अक्का, हा देव जड आहे."

"आमचा देव जडच आहे. सोसावा लागतो."

मी उलटा केला. मागं दाढीवाल्या साहेबाचं डोकं, झिजलेलं. "आणि हे मागं कोण?"

"असेल कुणी. ज्या सोनारानं घडवला त्यानं आपलंच डोकं काढून ठेवलं असेल. आम्ही त्याला हळद लावत नाही."

फीत ओवायची वरची दांडी कुणीतरी कधीच कापून टाकली होती, देवाला दांडी कशाला. घोडेस्वार घासून घासून गुळगुळीत झाला होता. पण कडेवर हळद घट्ट भरली होती. ती मी नखानं काढली. आकडे मला येतात, मापं घेण्यात जन्म गेला. एक एक आकडा पिवळा पिवळा वर आला, आणि मी पुढचा आकडा वाचायच्या आधीच तोंडानं म्हणत होतो. सगळा नंबर जुळला. मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. पुन्हा जुळला. चिंच-राखेनं तोंड झिजलं, पण हळदीनं नंबर राखला.

"काय झालं अण्णा, चक्कर आली का? सुशीला, कॉफी आण गं."

मी विचारलं, "हा देव तुम्ही आणलात कुठनं?"

"आणला नाही. आला." अक्कांनी हात धुतले. "मामंजी लढाईला बसऱ्याला गेले, ते आले नाहीत. पुष्कळ दिवसांनी टपालानं हा आला. सासूबाईंनी उघडून पाहिलं. घोड्यावर बसलेला, हातात तलवार, घोड्याच्या पायाखाली मल्लाचं मुंडकं, वर सूर्य. म्हणाल्या, ते आले नाहीत, त्यांनी देव पाठवला. आल्या दिवशी देव्हाऱ्यात ठेवला. दुष्काळात घरातली वाटी विकली, पण याला कुणी हात लावला नाही."

ऐकलंस? म्हणून वितळला नाही. चांदी टिकत नाही, हे तुझं बरोबर. देव टिकतो.

तो स्वार साहेबलोकांचा कोण संत आहे हे तू मला पुस्तकातलं चित्र दाखवून सांगितलं होतंस. पायाखालची कवटी, ढाल, सगळं समजावलं होतंस. तू तिथं असतास तर चष्मा लावून अक्कांनाही समजावलं असतंस. मी एक अक्षर बोललो नाही, आणि ते मी बरोबर केलं. बाईचा माणूस परत आला नाही, आणि जे आलं ते तिनं ओळखलं. त्यात दुरुस्ती करायला जागा नाही.

मी एवढंच विचारलं, "त्याच्याबरोबर दुसरं काही आलं होतं?"

अक्का तोंडावर पदर घेऊन हसल्या. "आली होती ना. पंखवाली बाई. सासूबाई म्हणाल्या, देव ठीक आहे, पण ही बसऱ्याची सवत माझ्या घरात नको. दारावर भांडीवाला आला तेव्हा त्याला देऊन पातेलं घेतलं. ते पातेलं अजून आहे."

"अक्का, ती पण आहे. माझ्या दोस्ताच्या पेटीत आहे. तिच्या कडेवरही यांचाच नंबर, यांचंच नाव आहे."

हसणं थांबलं. टाक माझ्या हातातून घेऊन त्यांनी कडेवर बोट फिरवलं. "हे नाव आहे होय? मी नक्षी समजत होते." बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिलाही त्यांनीच पाठवलेलं. आणा तिला. चंपाषष्ठीला नवरात्र उठतं, त्याच्या आत आणा. सासूबाईंचं काय ते वर गेल्यावर मी बघून घेईन."

मी तिथनं जो निघालो तो थेट तुझ्या घरी. दोन बसा बदलल्या, जेवलो नाही. वहिनींनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "बसा भावोजी. कॉफी घ्या. पेटीचं बोलू नका."

"का नको?"

"त्यांनी शेवटी सांगून ठेवलंय. पेटीतलं काही कुणाला द्यायचं नाही. म्हणाले, मालोजी येईल, गोड बोलेल, त्याला तर मुळीच नाही."

"गोड? मी?"

"तेच मी म्हटलं त्यांना."

बघ, गेल्यावरही तू माझ्या आडवा. मी सगळं सांगितलं. अक्का, हळद, नंबर, पातेलं. वहिनींचे डोळे भरले, पण मान हलली ती नाहीच्या बाजूनं. मी म्हटलं, "एका माणसाची मेडलं वेगळी राहू नयेत, हाही त्याचाच नियम आहे."

"दोन्ही त्यांचेच. मग मी कुठला मोडू? मेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द मोडायला मला सांगताय?"

मग मी चढ्या आवाजात बोललो. म्हटलं, तो शब्द देताना त्याला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर नळी काढून स्वतः होसकोट्याला गेला असता. वहिनी म्हणाल्या, "ओरडू नका, मी बहिरी नाही." मी चपला घातल्या. मनात आलं, झालं, आता ही दोन मेडलं एकाच रस्त्याच्या दोन टोकांना राहणार, आणि मी मधल्या बसमध्ये मरणार. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागनं हाक आली.

"भावोजी. द्यायचं नाही म्हणालेत. न्यायचं नाही असं म्हणाले नाहीत."

मी वळलो.

"तुमच्या हातात मी देणार नाही. मी घेऊन येते. षष्ठीला सकाळी मला न्यायला या."

इतकी वर्षं तुझ्याशी वाद घालून बाई तयार झाली, वेंकोबा. तू वकील व्हायला हवा होतास असं लोक म्हणायचे. वकील तुझ्या स्वयंपाकघरात होता.

षष्ठीला वहिनी निघाल्या. पंखवाली रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी मांडीवर. बसमध्ये मी म्हटलं, द्या, स्वल्प वेळ मी धरतो. म्हणाल्या, "तुम्ही खिडकी धरा." होसकोट्याला अंगणात भंडारा उधळून जमीन पिवळी झाली होती. माझे व्याही, म्हणजे अक्कांचा मुलगा, जरा बिचकत होते. आईला म्हणाले, देव्हाऱ्यात नवीन काही ठेवायचं तर गुरवाला तरी विचारू. अक्का म्हणाल्या, "नवीन नाही. माझ्याही आधी या घरात आलेली आहे. बाहेर गेली होती, परत आली. माहेरवाशिणीला घरात घ्यायला गुरव लागतो का?"

रुमाल सोडला. अक्कांनी तिला डोळ्यांजवळ धरली, पंख बघितले, चेहरा बघितला. "बाई तर चांगली दिसते की. बसरा काय जवळ आहे, पंख लागणारच." आणि वेंकोबा, त्यांनी चिंचेचा गोळा घेतला आणि तिला खसाखसा घासली. तुझं सगळं वय, तू जपलेला सगळा मळ, एका पाण्यात गेला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी कौलांकडे बघत होतो. ती सोन्यासारखी झाली होती. तुझी हरकत मी ऐकली, आणि हसलो.

दोघांना शेजारी ठेवलं, कडेला कड लावून. बारीक आवाज झाला. बसऱ्याहून एकाच पुडक्यात निघालेली, आज एका ठिकाणी. माझ्या छातीवर कधी कुणी काही लावलं नाही आणि आता लावणारही नाही. पण त्या घटकेला मी ज्या ताठ्यानं उभा होतो, तसे ते म्हातारे माझ्या आरशापुढं का उभे राहायचे ते मला कळलं. आणि तेव्हाच तू नाहीस हे मला पहिल्यांदा खरं कळलं. कारण मी उजवीकडे वळलो, बघ म्हटलं होतं का नाही असं म्हणायला, आणि तिथं खांब होता.

तळी उचलायच्या आधी अक्का वहिनींना म्हणाल्या, "तुम्हाला इंग्रजी येतं ना? कडेवर काय लिहिलंय ते सगळ्यांना वाचून दाखवा." वहिनींनी तुझाच चष्मा आणला होता. तो लावून त्यांनी वाचलं, जसं साहेबानं कोरलं होतं तसं, आणि तू आयुष्यभर वाचायचास तसं: "सिपॉय सिडोजी जाडो."

कुणीतरी पोरगी हसली. अक्का हसल्या नाहीत. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, तुला ठाऊक आहे. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून अक्कांनी ते नाव उच्चारलं नव्हतं, आणि त्यांच्या सासूनं तर नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतंच घेतलेलं. अक्कांनी डोक्यावरचा पदर नीट केला. देव्हाऱ्याकडे तोंड केलं.

"चुकलंय," म्हणाल्या. "सिडोजी नाही. सिद्धोजी. सिद्धोजीराव जाधव."

सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. व्याह्यांनी मान खाली घातली. अक्कांनी पुन्हा एकदा घेतलं, आणखी मोठ्यानं, अंगणातल्या लोकांना ऐकू जाईल असं. मग पाच जणांनी तळी उचलली आणि येळकोट झाला, आणि त्यात मी कसा ओरडलो ते वहिनींना विचार, तुला स्वप्नात भेटल्या तर.

तर वेंकोबा, आपण दोघं इतकी वर्षं त्या माणसाला चुकीच्या नावानं हाका मारत होतो. तू वाचलंस म्हणून मी तसंच म्हटलं. आता तुला वर कुठं तो भेटलाच, आणि तू त्याची फीत बघायला पुढं होशीलच, तर आधी नाव नीट घे. सिद्धोजीराव जाधव, राहणार होसकोटे. त्याला सांग, दोन्ही घरी पोचली.